डावीकडचं दार

१

वय चव्वेचाळीस, चष्म्याच्या काचा जाड, कानशिलं पांढरी झालेली, तरी घरात तिला सगळे खारूच म्हणत. लहानपणी बाबांच्या कामावर गेली की परांचीवर खारीसारखी सरसर चढायची. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे निघालंच नाही. ऑफिसात मात्र ती 'नकाशेवाल्या बाई' होती. जुन्या इमारतींची दुरुस्ती सुरू करण्याआधी त्या आहेत तशा कागदावर उतरवून घ्याव्या लागतात. भिंत वाकडी असेल तर वाकडी, पायरी झिजलेली असेल तर झिजलेली. ते तिचं काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

बाबांनी जन्मभर दगडकाम केलं होतं. आई गेल्यापासून दीड वर्ष ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. आजारी नव्हते. विचारलं तर उत्तर द्यायचे, वाढलं तर जेवायचे. पण आपण होऊन त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दादा परदेशातून आठवड्याला फोन करायचा आणि तेच तेच सुचवायचा, की त्यांना कशात तरी गुंतव. खारू म्हणायची, बघते. फोन ठेवल्यावर खुर्चीकडे बघायची आणि तिला काही सुचायचं नाही.

मग मोठ्या घराचं काम आलं आणि नेमकी तिची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली. टेप एकट्यानं धरता येत नाही. ऑफिसनं लेझरचं यंत्र दिलं होतं, पण जुन्या घरांच्या कोपऱ्यांत खारूचा विश्वास टेपवरच होता. रविवारी चहा देताना तिनं सहज विचारलं, "बाबा, टेपचं टोक धराल का? सहा आठवडे."

बाबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "धरेन की."

२

मोठं घर शहरापासून दीड तासावर होतं, शेतांच्या आणि झाडांच्या मधोमध. फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी उंच झाडांच्या ओळी होत्या, आणि त्यांच्या शेवटी ते घर असं उभं होतं की कोणी कागदाची घडी घालून कात्रीनं कापलंय आणि मग उलगडलंय. मधे खांबांचा दरवाजा. डावीकडे नऊ खिडक्या, उजवीकडे नऊ खिडक्या. डाव्या टोकाला घुमट, उजव्या टोकाला घुमट. समोर लांबट तळं, त्यात तेच घर पुन्हा उलटं. ज्यानं ते बांधलं त्याला जोडीचं वेडच होतं. एकटी वस्तू त्याला खपत नसावी.

आता तिथे दोनच माणसं राहत होती. मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आणि घर सांभाळणाऱ्या मावशी, ज्या चाळीस वर्षं त्याच फळ्यांवरून फडकं फिरवत आल्या होत्या. घर एका संस्थेला द्यायचं ठरलं होतं आणि मालकीणबाईंची त्याला काही हरकत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी दोघांना चहाला बोलावलं. किटली डाव्या हातात घेऊन, थेंब न सांडता त्यांनी तीन कप भरले आणि बाबांकडे वळून विचारलं, "मोजायला तुम्हीही का?"

बाबा म्हणाले की ते फक्त टोक धरतात.

"महत्त्वाचं काम आहे," मालकीणबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून ते टोमण्यासारखं वाटलं नाही.

कामाला लय यायला दोन दिवस लागले. सकाळी साडेनऊला सुरुवात, उजेड कमी झाला की बंद. बाबा टेपचं टोक भिंतीला टेकवायचे आणि म्हणायचे, "लागलं." खारू दुसऱ्या टोकाला आकडा वाचायची, वहीत लिहायची. लागलं, आकडा. लागलं, आकडा. रिकाम्या खोल्यांमधून बाबांचा आवाज पुढे पुढे जायचा. दिवसाकाठी तो एकच शब्द दोनशे वेळा, पण बाबा बोलत होते. खारूला तेवढं पुरत होतं.

३

तिसऱ्या दिवशी ते दिवाणखान्यात आले. दुमजली उंचीची लांब खोली, वर चारी बाजूंनी लाकडी कठड्याचा सज्जा. मागच्या भिंतीच्या मधोमध शेकोटी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन दारं, अगदी जुळी. उजवीकडचं दार वाचनाच्या खोलीत उघडत होतं. डावीकडचं खोटं होतं. मागे खोली नव्हतीच. भिंत आणि भिंतीपलीकडे बाग. एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला कोरी भिंत हे घर बांधणाऱ्याच्या डोळ्यांना सोसलं नसतं, म्हणून त्यानं चौकट, फळ्या, बिजागऱ्या, पितळी मूठ, दगडी उंबरा, सगळं भिंतीवर चढवलं होतं. जुन्या मोठ्या घरांत असली दारं असतात. खारूनं वहीत 'दार क्र. १४, खोटं' असं लिहिलं आणि टेप सरकवली.

बाबा मात्र उंबऱ्यापाशी उकिडवे बसले होते.

"काय झालं?"

"हा झिजलाय," ते म्हणाले.

खरंच झिजला होता. उंबऱ्याच्या मधोमध उथळ खळगा पडला होता, आत हात ठेवला तर तळवा बसेल एवढा. खारूनं उजवीकडच्या खऱ्या दाराचा उंबरा पाहिला. तोही तसाच, तेवढाच.

ती म्हणाली, दुसरीकडचा जुना दगड आणून बसवला असेल. असं करतात लोक. बाबांनी चौकटीच्या बुडावरून बोट फिरवलं. उंबरा आणि चौकटीचा पाया एकाच दगडातून घडवलेला होता. दुसरीकडून आणायचा तर अख्खी चौकट आणावी लागली असती, आणि ती या भिंतीत अशी बसली नसती.

"मग कोणीतरी मुद्दाम घासला असेल. जोडी जुळावी म्हणून."

बाबांनी मान हलवली, हो असेल अशी. मग म्हणाले, "घासलेला दगड खरखरीत लागतो. याला पाय लागलेत. शंभर वर्षं तरी."

दीड वर्षात त्यांनी आपण होऊन बोललेली ती पहिली वाक्यं. खारूला त्या आनंदात दगडाचं काही वाटलं नाही. परत जाताना गाडीत वाटलं. झीज दारापाशी थांबत नव्हती. खळगा फळीच्या खालून पलीकडे गेलेला होता.

४

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली आणि घराच्या मागे गेली. दिवाणखान्याची मागची भिंत बाहेरून सरळ होती. खऱ्या दाराच्या अंगाला वाचनाची खोली पुढे आलेली, दुसऱ्या अंगाला फुलांचा वाफा. खोट्या दाराच्या जागी गुळगुळीत गिलावा, त्यावर गोगलगायीची वाळलेली रेघ. वाफ्यातली माती भुसभुशीत होती आणि तिच्यावर पाऊल नव्हतं.

तिनं शेजारच्या खिडकीतून भिंतीची जाडी मोजली. पंच्याऐंशी सेंटिमीटर. मग बाहेरून मोजलं, आतून मोजलं, वजाबाकी केली. पंच्याऐंशी. तिनं पुन्हा केली. कुठे लपलेला बोळ नाही, भिंतीत कपाट नाही, वीतभर जागा नाही. जिथे काही नसायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. खरं तर यानं समाधान व्हायला हवं होतं. तिला वाटलं, एखादा चोरबोळ सापडला असता तर आपल्याला बरं वाटलं असतं.

मावशी दिवाणखान्यात दारांच्या मुठी पुसत होत्या. घरातल्या सगळ्या मुठी काळपटलेल्या; पितळ तसं करतंच. मावशींच्या फडक्यानं त्या तेवढ्यापुरत्या पिवळ्या व्हायच्या. डावीकडच्या दाराची मूठ मात्र सोन्यासारखी लखलखत होती. मावशी तिच्यापाशी आल्या आणि तिला हात न लावता पुढे गेल्या.

खारूनं विचारलं, "ही राहिली का?"

"तिला लागत नाही," मावशी म्हणाल्या आणि शेकोटीवरची धूळ झटकू लागल्या.

"म्हणजे?"

"बाई, मी आले तेव्हापासून ती अशीच आहे. मी सुरुवातीला पुसायची. मग लक्षात आलं, माझ्या आधीच कोणीतरी पुसलेली असते. हाताळलेली." त्यांनी फडकं झटकलं. "वापरातली मूठ काळी पडत नाही."

त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की खारूनं वही उघडून पुढचं माप लिहायला घेतलं. नळ गळतो असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं.

५

दिवस सुंदर होते. ऊन पातळ, दुधात पाणी घातल्यासारखं. दुपारी तळ्यावरून उजेडाच्या लाटा दिवाणखान्याच्या छतावर यायच्या आणि छत हलतंय असं वाटायचं. अशा वेळी आकडे वाचताना खारूला पेंग यायची. झोप नव्हे, कोणीतरी डोक्यावरून हात फिरवत असल्यासारखं काहीतरी. एका खोलीतून दुसरीत गेलं की आधीची खोली खरंच मोजली का, हे वही उघडून बघावं लागायचं.

बाबा बदलत होते. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन दिवाणखान्यात जायचे, शेकोटीच्या डावीकडे खुर्ची ओढून बसायचे. खारू आली की उठायचे. काय करत होतात म्हटलं तर म्हणायचे, ऐकत होतो. काय, असं तिनं एकदाच विचारलं.

"कोणीतरी काम करतंय," बाबा म्हणाले. "छान हात आहे त्याचा."

ती म्हणाली, शेतावर कुठे तरी काम चाललं असेल, आवाज लांबून येतात. बाबा हो म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी दिवाणखान्याची लांबी घेतली. टेप पूर्ण ताणलेली, बाबा लांब त्या टोकाला. खारूनं विचारलं, "लागलं?" आणि दोनदा उत्तर आलं.

"लागलं. लागलं."

मोठ्या रिकाम्या खोलीत घुमणारच. तिनं आकडा लिहिला आणि पुढचं माप घेतलं. पुन्हा दोनदा. तिसऱ्या मापाला तिची पेन्सिल थांबली. बाबा तिच्याकडे तोंड करून उभे होते आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. पहिलं 'लागलं' आलं तेव्हा ओठ मिटलेले होते. दुसऱ्याला हलले.

घुमलेला आवाज मागाहून येतो. हा आधी येत होता.

तिनं टेप गुंडाळली आणि बाबांना म्हणाली, आज पुरे. त्या दिवशी प्रथमच ते नाराज झालेले दिसले. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि घर झाडांआड जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात तिनं बाबांना घरी ठेवायचं ठरवलं. सोमवारी सकाळी ते तिच्या आधी बूट घालून दारात उभे होते. दीड वर्ष त्यांना कुठे जावंसं वाटलं नव्हतं. नको कसं म्हणायचं?

६

दिवाणखान्याचं एकच माप उरलं होतं, सज्ज्यापासून जमिनीपर्यंतची उंची. खारू वर गेली. बाबा खाली. ती मागच्या भिंतीवरच्या सज्ज्यात, दोन्ही दारांच्या बरोबर डोक्यावर उभी होती. तिथून खालची दारं दिसत नव्हती, त्यांच्यासमोरची जमीन तेवढी दिसत होती. तिनं कठड्यावरून टेप खाली सोडली. दुपारचे तीन वाजले असतील. समोरच्या खिडक्यांतून ऊन आत येऊन फळ्यांवर लांब पट्ट्यांत पडलं होतं आणि त्यात बाबा उभे होते, टोपी डोक्यावर, सावली भिंतीच्या दिशेनं.

टेपचं टोक जमिनीपासून हातभर वर लोंबकळत होतं. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते खारूच्या पायांखालच्या भिंतीकडे बघत होते.

मग तिच्या लक्षात आलं की बाबांच्या पायांना दोन सावल्या आहेत. एक उन्हाची, भिंतीकडे जाणारी. दुसरी उलट्या दिशेची, अंगामागे खोलीत पडलेली. म्हणजे भिंतीकडूनही उजेड येत होता. तो उजेड वेगळा होता. तीनच्या उन्हासारखा पिवळट नव्हे; सकाळचा, धुतलेला. तो खारूच्या पायांखालून निघून फळ्यांवर रुंद होत गेला होता, अगदी दाराच्या आकाराचा.

मावशींनी वाचनाच्या खोलीचं दार उघडलं असेल. पण ते उजवीकडचं दार, आणि उजेड डावीकडच्या दारासमोर होता.

उजेडाच्या पट्ट्यात सज्ज्याच्या खालून हळूहळू एक सावली पुढे सरकली. आधी डोकं, मग खांदे. खांदे थोडे वाकलेले, जन्मभर दगड उचललेल्या माणसाचे असतात तसे. डोक्यावर टोपी होती. बाबांनी आपली टोपी काढली. सावलीनं तिची काढली. कोणाकडे पहिल्यांदा जाताना काढतात, तशी अदबीनं.

बाबांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि ते सज्ज्याच्या खाली, तिच्या नजरेआड गेले. हलकं बोलणं ऐकू आलं, दोन म्हाताऱ्यांचं, एकमेकांना वाट देताना होतं तसं. तुम्ही आधी. नाही, तुम्ही.

नुसती हाक मारून ते वळणार नाहीत हे तिला कुठून तरी कळलं. कामाच्या आवाजात ती ओरडली, "बाबा, टोक सुटलं!"

सगळं शांत झालं. फळ्यांवरचा उजेड कडेनं आत ओढला गेला.

"आलो, आलो," असं म्हणत बाबा सज्ज्याखालून बाहेर आले, वाकून त्यांनी लोंबकळणारं टोक धरलं आणि खाली जमिनीला टेकवलं. "धरलं," ते म्हणाले. मग वर बघून छान हसले.

खारूला रडू फुटलं. तिनं आकडा वाचला, लिहिला, आणि जिना कसा उतरली ते तिला आठवलं नाही. दार बंद होतं, फळ्या भिंतीला घट्ट. तिनं बाबांचा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.

७

त्यानंतर दिवस इतके चांगले गेले की ती घाबरायचं विसरली. बाबा बोलू लागले. दादाचा फोन आला की आधी स्वतः घेत. शेजाऱ्यांच्या कुंपणाचे ढासळलेले दगड त्यांनी न सांगता रचून दिले. आईचा विषय निघाला तर गप्प होत नव्हते, उलट एखादी गंमत सांगत आणि डोळे पुसत हसत. दादा म्हणाला, तू जादू केलीस. मोठ्या घराचं उरलेलं काम खारूनं लेझरनं, एकटीनं, दिवाणखान्यात पाय न ठेवता उरकलं.

एक गोष्ट तेवढी खटकत होती. जिना उतरताना ती नेहमीसारखा बाबांना हात द्यायला जायची आणि ते दचकायचे. दोनदा तोल गेला, एकदा गुडघा फुटला. वय झालं, ती स्वतःला म्हणायची.

महिन्याभरानंतरच्या एका सकाळी बाबा स्वयंपाकघरात सफरचंद सोलत बसले होते. साल एकसंध, लांब, वळ्या वळ्यांनी ताटलीत उतरत होतं. खारू डबा भरता भरता बघत होती. किती सफाई आहे, असं तिच्या मनात आलं आणि मग सुरी कुठल्या हातात आहे ते तिला दिसलं.

बाबांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. तिच्या जन्माच्या आधी हातोडा बसून गेलं होतं, पुन्हा उगवलंच नाही. लहानपणी त्या गुळगुळीत अंगठ्याला धरून ती झोपायची. आता सफरचंद धरलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्याला नख होतं, नीट कापलेलं. नख नव्हतं ते सुरीवरच्या डाव्या अंगठ्याला.

तिनं आतल्या खोलीत जाऊन कपाटातून फोटो काढला. कुठल्याशा कमानीच्या कामावर, बाबा तिला कडेवर घेऊन उभे, मोकळ्या हातात छिन्नी. तिनं फोटो चष्म्याजवळ नेला. छिन्नी उजव्या हातात होती आणि त्या अंगठ्याला नख नव्हतं. मग तो परत ठेवला, कपड्यांच्या खाली.

ती परत आली तेव्हा त्यांनी अर्धं सफरचंद तिच्यासाठी ठेवलं होतं.

"काय बघतेस, खारू?"

"काही नाही."

"खा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिनं खाल्लं.

८

त्या रविवारी ती त्यांना घेऊन मोठ्या घरी गेली. कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. झाडांची ओळ लागल्यावर ते सावरून बसले. दिवाणखान्यात ते तिच्या मागोमाग आले, डावीकडच्या दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी मूठ धरून पाहिली. ती फिरत नव्हती. फिरण्यासारखी कधी नव्हतीच. फळीत ठोकलेली होती. खारूनं हाताची मूठ वळून दार वाजवलं. भरीव, बद्द आवाज आला. बाबा बाजूला होऊन तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणा जास्त दिवस राहिला की त्याच्या चेहऱ्यावर येतो तो अवघडलेपणा होता.

"खारू," ते म्हणाले, "मी जाणूनबुजून नाही केलं. हाक आली आणि मी वळलो. माझीही पोर अशीच हाक मारते."

ती जमिनीवर बसली. किती वेळ बसली कोण जाणे. शेवटी मालकीणबाई काठी टेकत खाली आल्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं, खारूकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या.

"सवय होते, बाई," त्या म्हणाल्या. "आपल्यालाही होते. त्यांनाही होते."

खारूनं विचारलं, कोणाला? त्यांनी डाव्या हातानं तिचा हात थोपटला.

परतताना शहर जवळ आल्यावर बाबांनी हळूच विचारलं, राहू ना मी? तिनं गाडी बाजूला घेतली. दुसरीकडे कुठे जाणार होते ते? ती म्हणाली, "घरीच चाललोय."

दादाला तिनं काही सांगितलं नाही. सांगणार काय?

९

आठ महिने गेले. मालकीणबाई संस्थेच्या शहरातल्या घरात राहायला गेल्या, मावशी मुलीकडे गेल्या आणि मोठ्या घराच्या दुरुस्तीला सुरुवात झाली. एका सकाळी तिथल्या मिस्त्रीचा फोन आला. दार नंबर चौदाला वाळवी लागली असावी म्हणून त्यानं फळ्या उतरवल्या होत्या. वाळवी नव्हती. मागे भिंत होती, भरीव दगडी, जशी नकाशात दाखवली होती तशीच. पण फळीच्या मागच्या अंगाला काहीतरी लिहिलेलं होतं, जुन्या सुतारांचं असेल, ते पुसायचं की जपायचं?

खारू दोन तासांत पोचली. मिस्त्री कामगारांना घेऊन चहाला गेला होता. दार दोन ओंडक्यांवर पालथं घातलेलं होतं. भिंतीला लागून कित्येक पिढ्या उजेड न पाहिलेलं लाकूड, फिकट, आणि त्यावर पेन्सिलीचं दाट लिखाण. उलटं. डावीकडून उजवीकडे नव्हे, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक आकडा पाठमोरा. तिनं पर्समधून आरसा काढला.

मापं होती. लांबी, रुंदी, उंची. एका खोलीची, मग दुसरीची, मग लांब ओसरीची, जिन्याची. तीस-एक खोल्या. सगळं शिस्तीत, एकही खाडाखोड नाही. टेपला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं वाचून लिहायचं. पाचाच्या शेपटीला तो लांब फराटा, खोलीच्या नावाखाली दोन रेघा. अक्षर तिचं होतं.

बाबा तिकडे एकटे नव्हते.

ती ओंडक्यावर टेकली. आठ महिने रात्री झोप लागण्याआधी तिला जे दिसायचं, एका रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसलेले बाबा, ते आता दिसेना. त्याऐवजी कोणीतरी दिसत होतं, चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, जाड चष्म्याची, चष्म्यामागून त्यांच्या डाव्या-उजव्या अंगठ्यांकडे बघणारी.

अगदी खाली, मापं संपल्यावर, आणखी तीन ओळी होत्या. तिनं त्या दोनदा वाचल्या.

'जिना उतरताना आधी कठडा धरू दे, मग हात दे. आधी हात धरलास तर दचकतात. जेवतात ना?'

खारूनं पेन्सिल काढली. उलटं लिहायचा तिनं प्रयत्नच केला नाही. तिकडेही कुठेतरी आरसा असेलच. उरलेल्या कोऱ्या जागेत तिनं सरळ, सावकाश लिहिलं: 'जेवतात. तुझ्याकडचे आपण होऊन बोलणार नाहीत. तू बोलत राहा.' तिला आणखी खूप लिहायचं होतं. एवढ्यात मिस्त्रीची चाहूल लागली.

तो म्हणाला, बाई, काय करायचं मग? ती म्हणाली, काही पुसायचं नाही. आत्ताच्या आत्ता होतं तसं परत बसवायचं. तो कुरकुरला की एवढं जड दार दोघांच्यानं भिंतीला नीट टेकणार नाही, पोरांना येऊ द्या, नाहीतर एक बाजू सुटेल. खारूनं बाह्या वर केल्या आणि खालची बाजू धरली.

दोघांनी दार उचललं, उंबऱ्यावर ठेवलं, उभं केलं. मिस्त्री खिळे घ्यायला वाकला तसा सगळा भार तिच्या हातांवर येणार होता. तिनं पाय घट्ट रोवले आणि वाट पाहिली. भार आला नाही. दार भिंतीला अलगद टेकलं, ओळंब्यात सरळ उभं राहिलं, आणि मिस्त्री शेवटचा खिळा ठोकेपर्यंत पलीकडून कोणीतरी ते धरून ठेवलं होतं.